आठवड्याला एक पेनी

ब्रिस्टलला ऑनसाइट होतो तेव्हा आमच्या टीमचा रोजचा स्टँड-अप मी चालवायचो. सकाळी साडेनऊला, पंधरा मिनिटं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय का. आमच्यातला एक मुलगा सलग नऊ दिवस ‘नो ब्लॉकर्स’ म्हणत होता. दहाव्या दिवशी मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं, की गावी त्याचे वडील गेलेत आणि त्याला जाता आलेलं नाही. त्या नऊ दिवसांत त्याची सगळी तिकिटं वेळेत क्लोज झाली होती. बोर्डवर सगळं हिरवंगार.

त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मला कँटीनमध्ये बसवेना. मी ब्रॉडमीडला भटकायला लागलो. ब्रॉडमीड म्हणजे ब्रिस्टलचा बाजारपेठेचा भाग. कपड्यांची, मोबाइलची दुकानं, मॉल. त्या दुकानांच्या मधोमध एक छोटंसं अंगण आहे, अंगणात घोड्यावर बसलेल्या एका माणसाचा पुतळा, आणि मागे एक साधी इमारत. तिचं नाव ‘न्यू रूम’. नाव ‘नवी खोली’, पण पाया घातला 1739 साली. जगातली ही सगळ्यात जुनी मेथडिस्ट इमारत. घोड्यावरचा माणूस जॉन वेस्ली.

मी काही ख्रिस्ती नाही, आणि चर्च बघायची मला फार हौसही नाही. आत गेलो कारण बाहेर पाऊस होता. पण आत जे वाचलं, ते नंतर कित्येक महिने शोधून शोधून वाचत राहिलो. कारण या माणसांनी पावणेतीनशे वर्षांपूर्वी एक आठवड्याची मीटिंग काढली होती, आणि तिची सुरुवात चक्क कर्जवसुलीतून झाली होती.

झालं असं. न्यू रूम बांधताना कर्ज झालं. ते कसं फेडायचं हे ठरवायला 15 फेब्रुवारी 1742 ला मंडळीतले काही लोक ब्रिस्टलमध्ये जमले. एकजण म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसऱ्याने विचारलं, ज्यांच्याकडे पेनीसुद्धा नाही त्यांचं काय? यावर त्या पहिल्याने जे उत्तर दिलं, तिथे मी थबकलो. तो म्हणाला, सगळ्यात गरीब असे अकराजण माझ्या वाट्याला द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. जे देतील ते घेईन, आणि काहीच देऊ शकले नाहीत तर त्यांच्या पेन्या मी भरीन. तुम्हीही प्रत्येकाने असेच अकरा शेजारी घ्या. हा माणूस म्हणजे कॅप्टन फॉय. इतिहासात त्याची एवढीच काय ती नोंद उरली आहे.

अकरा आणि एक, बारा. अशा बाराजणांच्या गटाला ते ‘क्लास’ म्हणायला लागले. शिकवणीचा क्लास नव्हे. मंडळीचा एक हिस्सा, एवढाच अर्थ. आणि वसुली करणारा तो ‘क्लास लीडर’.

मग काही आठवड्यांनी हे लीडर वेस्लीकडे यायला लागले ते पैशांबरोबर बातम्या घेऊन. अमक्याच्या घरी गेलो तर तो दारू पिऊन पडला होता. तमक्याच्या घरात नवराबायकोचं भांडण चाललं होतं. वेस्लीच्या लगेच लक्षात आलं, की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. हजारभर माणसं प्रवचनाला येतात, पण सोमवारी ती कशी जगतात हे कळायला आपल्याकडे काही वाटच नव्हती. ती वाट पेनीने काढून दिली.

रात्री फोनवर आईला हे सांगितलं. आई गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. तिला यात नवल वाटलं नाही. “वसुलीला गेलं की बसावं लागतंच की रे,” ती म्हणाली. “दारातनं पैसे घेऊन कोण माघारी येतंय? चहा होतो. चहा झाला की रडणंबी होतं.”

सुरुवातीला लीडर घरोघरीच जात. पण त्यात अडचणी आल्या, आणि त्या कुठल्या हे वेस्लीने स्वतःच लिहून ठेवलं आहे. एक तर लीडर हेही पोटापाण्याचे उद्योग करणारे, त्यांना एवढा वेळ नसे. दुसरं, मंडळीतले बरेचजण लोकांच्या घरी नोकर म्हणून राहत होते. त्यांना भेटायला कुणी आलेलं मालकांना खपायचं नाही. खपलं तरी एकटं बोलू द्यायचे नाहीत, समोर मालकीणबाई उभी. तिसरं, एकाने दुसऱ्याबद्दल काही सांगितलं तर दोघांना समोरासमोर आणायची सोय नव्हती. म्हणून ठरलं, की बाराजणांनीच आठवड्यातून एकदा एका जागी यायचं. म्हणजे ही मीटिंग झाली ती ज्यांना स्वतःच्या घराचं दार नव्हतं अशा माणसांमुळे. मोलकरणीला तासभर बसून स्वतःबद्दल बोलता येईल अशी एक जागा, आठवड्यातून एकदा. 1742 च्या इंग्लंडमध्ये ही किती मोठी गोष्ट असेल याचा विचार करून बघा.

त्या तासात गाणं व्हायचं, प्रार्थना व्हायची, पण मुख्य भाग एकच. लीडर प्रत्येकाला विचारणार, तुझ्या जिवाचं कसं चाललंय. नुसती पुस्तकी श्रद्धा नव्हे. या आठवड्यात काय घडलं, कुठे घसरलास, कशाने धीर आला. आधी लीडर स्वतःचं सांगणार, मग बाकीचे. लीडर शिकलेलाच हवा असं नव्हतं. चांभार असे, विणकर असे, बायकाही असत. ज्या काळात चर्चमध्ये बाईने तोंड उघडणं लोकांना रुचत नव्हतं, त्या काळात एखादी बाई बाराजणींचं आठवडाभराचं सुखदुःख ऐकत होती आणि वहीत हजेरी मांडत होती.

बाकीचा आठवडाही भरलेला. वेस्ली शेवटपर्यंत अँग्लिकन पाद्री राहिला, त्यामुळे आपल्या लोकांनी रविवारी नेहमीच्या गावचर्चलाच जावं असा त्याचा आग्रह. मेथडिस्टांचे कार्यक्रम उरलेल्या वेळात. पहाटे पाचला प्रवचन, म्हणजे कामावर जाण्याआधी. संध्याकाळी पुन्हा. अधूनमधून प्रीतिभोजन: त्यात पक्वान्नं नाहीत, पाव किंवा केकचा तुकडा आणि दोन कानांच्या एकाच भांड्यातून सगळ्यांनी प्यायचं पाणी. ब्रिस्टलशेजारी किंग्जवूडला कोळशाच्या खाणी होत्या. तिथले खाणकामगार पूर्वी शनिवारची रात्र गुत्त्यात काढायचे. मेथडिस्ट झाल्यावर त्यातले काही ती रात्र प्रार्थनेत जागवायला लागले. वेस्लीने त्याचा महिन्यातून एकदाचा जागर करून टाकला, आणि वार निवडला पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार. का, तर मध्यरात्रीनंतर लांब चालत जाणाऱ्यांना उजेड मिळावा. मला हा तपशील फार आवडतो. कार्यक्रम ठरवणाऱ्याने परतीच्या वाटेचा विचार केलेला आहे.

आता याची दुसरी बाजू. दर तीन महिन्यांनी क्लासमधल्या प्रत्येकाची चौकशी होई आणि ठीक असेल त्याला नवं तिकीट मिळे. छोटासा छापील कागद, त्यावर हाताने लिहिलेलं नाव आणि त्या तिमाहीचं अक्षर. ते दाखवल्याशिवाय मंडळीच्या बैठकीला किंवा प्रीतिभोजनाला आत सोडत नसत. आमच्या भाषेत सांगायचं तर तीन महिन्यांनी एक्स्पायर होणारं टोकन. कुणाला काढायचं असेल तर आरडाओरडा नको, नवं तिकीट द्यायचं नाही, बस.

1743 च्या मार्चमध्ये वेस्लीने न्यूकॅसलची मंडळी तपासली आणि 64 जणांना बाहेर काढलं. कारणांची यादी त्याने आपल्या रोजनिशीत मांडून ठेवली आहे. 17 जण दारूसाठी. दारू विकल्याबद्दल दोघे. शिव्या देण्यासाठी दोघे, रविवार न पाळल्याबद्दल दोघे, भांडणासाठी तिघे, खोटं बोलण्यासाठी तिघे, दुसऱ्यांची निंदा करण्यासाठी चौघे. बायकोला मारल्याबद्दल एक. आळशीपणासाठी एक. आणि उरलेले 29 जण कशासाठी, तर उथळपणा आणि बेफिकिरी.

बायकोला मारणाऱ्याला 1743 मध्ये कुणीतरी हिशेब विचारत होतं हे वाचून बरं वाटलं. पण त्या 29 जणांवर मी अडकलो. उथळपणा म्हणजे नक्की काय? जास्त हसणं? आठवडाभर कंटाळलेलं असणं? जी मीटिंग मोलकरणीला मोकळं बोलू देते, तीच शेजाऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यालाही खुर्ची देते. गावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमच्या आळीत कुणी आजारी पडलं तर डबा पोचायच्या आधी बातमी पोचते, आणि दोन्ही नेणारी बाई एकच असते.

पण पैसा गोळा होत होता आणि नुसता इमारतीत जात नव्हता. लंडनमध्ये वेस्लीने तोफांचा एक जुना पडीक कारखाना घेतला होता, ‘फाउंडरी’. तिथे 1746 साली दवाखाना सुरू झाला. पाच महिन्यांत पाचशेहून जास्त माणसांना औषध दिलं गेलं. त्याच वर्षी कर्जाचा फंडही. नियम साधा: एका वेळी फक्त 20 शिलिंग, आणि ते तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्याने फेडायचे. सुरुवातीला वर्गणी जमली 30 पौंड 16 शिलिंग. एवढ्याच पैशांतून अठरा महिन्यांत 255 जणांची गरज भागली. 20 शिलिंग म्हणजे एक पौंड. तीस पौंड फिरत राहिले म्हणून अडीचशे घरांपर्यंत गेले. आईला हा आकडा सांगितला तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली, मग म्हणाली, “थकबाकी कमी असणार त्यांची.”

या फंडातून पुढे जेम्स लॅकिंग्टन नावाच्या एका चांभाराने पाच पौंड घेऊन पुस्तकांचं दुकान वाढवलं. उधारी बंद, फक्त रोख, आणि किंमत कमी, या धोरणावर तो लंडनमधल्या सगळ्यात मोठ्या पुस्तकविक्रेत्यांपैकी एक झाला. श्रीमंत झाल्यावर 1791 साली त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात मेथडिस्टांची यथेच्छ टिंगल केली. 1804 मध्ये दुसरं पुस्तक लिहून पश्चात्ताप व्यक्त केला. माणसं अशीच असतात. फंडाचे नियम मात्र बरे होते.

पेनी आणि आठवड्याची बैठक ही जोडी चर्चच्या भिंतींत राहिली नाही. 1830 च्या दशकात डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावी शेतमजुरांची मजुरी आठवड्याला नऊ शिलिंगवरून आठ, आठवरून सात झाली, आणि सहा करायची धमकी आली. तेव्हा मजुरांनी संघटना काढली: आत येताना एक शिलिंग, मग आठवड्याला एक पेनी. त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट उपदेशक होता. सहा आरोपींपैकी पाचजण मेथडिस्ट. संघटना काढणं बेकायदा नव्हतं, म्हणून गुप्त शपथ दिल्याच्या आरोपावर त्यांना मार्च 1834 मध्ये सात वर्षं ऑस्ट्रेलियाला पाठवायची शिक्षा झाली. लोकांनी इतका दबाव आणला की दोन वर्षांत सरकारला माफी द्यावी लागली. वेस्ली स्वतः राजनिष्ठ, बंडाचा कट्टर विरोधक. पण सभा कशी घ्यायची, वर्गणी कशी मांडायची, उभं राहून कसं बोलायचं हे ज्यांना क्लासमध्ये शिकायला मिळालं, त्यांनी ते कुठे वापरावं हे त्याच्या हातात नव्हतं.

ही पद्धत मुंबईतही आली. विल्यम टेलर हा अमेरिकन उपदेशक सोन्याच्या गर्दीच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर बोलून तयार झालेला. तो 1871 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत उतरला. त्याच्याकडे इमारत नव्हती. त्याने लोकांच्या घरांतच छोटे गट सुरू केले, प्रत्येकाला लीडर त्यांच्यातलाच. आधी हे गट, आणि त्यांतून 1872 च्या सुरुवातीला मंडळी. परदेशातून मिशनचा पैसा घ्यायचा नाही, इथल्याच लोकांच्या वर्गणीवर चालवायचं, हा त्याचा हट्ट. त्याला साथ दिली जॉर्ज बोवेनने. हा न्यूयॉर्कचा माणूस 1848 साली मुंबईत आला, मिशनचा पगार सोडून दिला, अत्यंत गरिबीत राहिला, ‘बॉम्बे गार्डियन’ चालवलं आणि परत न जाता 1888 मध्ये इथेच वारला. कुलाब्याला त्याच्या नावाचं चर्च आजही आहे. मी त्यावरून शंभरदा गेलो असेन, वडापाव खात.

क्लास मात्र हळूहळू विरत गेले. चॅपलं मोठी झाली, खुर्च्यांना गाद्या आल्या, आणि सुखवस्तू माणसाला दर आठवड्याला बाराजणांसमोर मन उघडं करणं नकोसं झालं. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या मेथडिस्टांनी 1866 साली क्लासची सक्तीच काढून टाकली. इतरत्र वह्या राहिल्या, वर्गणी राहिली, प्रश्न विचारायचे राहून गेले. आमच्या स्टँड-अपचं जे झालंय तेच.

त्या मुलाकडे मी गुरुवारी संध्याकाळी गेलो. आधी काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण दार उघडल्यावर काहीच सुचेना. त्याने मॅगी केली. आम्ही ती खाल्ली, मॅचचे हायलाइट्स बघितले. निघताना बूट घालत होतो तेव्हा तो वडिलांच्या सायकलबद्दल बोलायला लागला, आणि मग मी परत आत येऊन बसलो. शेवटची बस चुकली. पुढच्या गुरुवारी तांदूळ मी नेले.