क्लबाचें दार व नवा सभासद

गोल्फ हा शब्द कानीं पडला कीं आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें कातरलेलें हिरवें गवत, उन्हाची टोपी घातलेला साहेब व त्याच्या मागून काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा पोऱ्या असें एक ठराविक चित्र उभें राहतें. अक्कलकोट तालुक्यांतील मैंदर्गीसारख्या गांवीं, जेथें आकाशाकडे पाहण्यांतच अर्धें वर्ष जातें, त्या हिरवळीविषयीं लेखणी उचलावी हें कांहीं वाचकांस विनोदी वाटेल. परंतु गवताशीं आम्हांस फारसें कर्तव्य नाहीं. त्या गवताभोंवतीं जें कुंपण असतें व त्या कुंपणास जें दार असतें, त्या दारांतून नव्या मनुष्यास कोणत्या रीतीनें आंत घेत व कोणत्या रीतीनें परत लावीत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमच्या भागांतील तालमींत नवा पोर येतो तेव्हां तो मारुतीपुढें नारळ फोडतो, वस्तादांच्या पायां पडतो, आणि अंगास तांबडी माती लागली कीं तो त्या तालमीचा झाला. त्यास अर्ज करावा लागत नाहीं कीं कोणाची शिफारस आणावी लागत नाहीं. ही माती सर्व जातींच्या अंगास एकाच वेळीं लागली असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. तें प्रकरण पुढें येणारच आहे.

गोल्फची जन्मभूमि स्कॉटलंड. तेथें हा खेळ मुळांत सरदारांचा नव्हता. १६८२ च्या सुमारास एडिंबरो येथें ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे जो पुढें दुसरा जेम्स राजा झाला तो, दोघां इंग्रज सरदारांशीं पैजेचा सामना खेळला व आपला जोडीदार म्हणून त्यानें जॉन पॅटरसन नांवाच्या एका चांभारास घेतलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. सामना ड्यूकनें जिंकला, आणि पैजेच्या पैशांतून पॅटरसननें घर बांधलें असें सांगतात. सेंट अँड्रूज येथील जुनें मैदान आजहि सार्वजनिक आहे; फी भरून कोणासहि तेथें खेळतां येतें. त्या मैदानाच्या कडेला उभा असलेला क्लब मात्र मोजक्यांचा. १७५४ सालीं स्थापन झालेल्या या क्लबानें स्त्रियांस सभासद करून घेण्याचा ठराव २०१४ सालीं केला, म्हणजे २६० वर्षांनीं. खेळ सर्वांचा व क्लब थोड्यांचा ही तफावत अशी मूळ घरींच पडलेली होती. हिंदुस्थानांत आली ती तयार स्वरूपांतच आली.

ब्रिटिश बेटांच्या बाहेर पहिला गोल्फ क्लब निघाला तो कलकत्त्यास, १८२९ सालीं. मुंबईचा त्यामागून १८४२ त. या काळच्या साहेबी क्लबांविषयीं लिहितांना त्यांस सरसकट माणूसघाणे म्हणण्याची रूढि आहे, ती आम्हांस बरोबर वाटत नाहीं. विलायतेहून नुकताच उतरलेला विशीबाविशींतला मुलकी अधिकारी किंवा पलटणींतला लफ्टनंट क्लबांत गेला म्हणजे त्याचें जें आगतस्वागत होई, तें पाहून आपल्याकडील सोयऱ्यांनींहि लाजावें. घरापासून हजारों कोस दूर असलेल्या त्या पोरास तेथें जेवण मिळे, वर्तमानपत्र मिळे आणि आपल्या भाषेंत चार शब्द बोलणारें माणूस मिळे. कडकपणा दिसे तो इतरांच्या बाबतींत. आणि हे इतर म्हणजे केवळ काळे लोक नव्हत. दुकान मांडून बसणारा गोरा देखील कित्येक क्लबांच्या पायरीवरूनच परत जाई.

प्रवेशाची रीत मोठी चमत्कारिक होती. उमेदवारानें स्वतः मागणी करणें हें असभ्यपणाचें लक्षण. त्याचें नांव एका सभासदानें सुचवावें, दुसऱ्यानें त्यास अनुमोदन द्यावें, तें नांव कांहीं दिवस वहींत सर्वांस दिसावें, आणि मग मतदान व्हावें. मत द्यावयाचें तें पेटींत गोळी टाकून. पांढरी गोळी म्हणजे होकार व काळी म्हणजे नकार. पेटींत काळ्या गोळ्या ठराविक संख्येच्या वर निघाल्या कीं उमेदवार बाद. कांहीं ठिकाणीं तर एकच काळी गोळी पुरे होई. नकाराचें कारण कोणास द्यावें लागत नसे, आणि नकार देणारा कोण हें कोणास कळत नसे. आमच्या मतें या पद्धतीचा खरा धूर्तपणा येथेंच आहे. हिंदी मनुष्यास घेऊं नये असा नियम पुष्कळदां लिहावाहि लागला नाहीं. त्याचें नांव सुचविणाराच भेटत नसे, व भेटलाच तर पेटी आपलें काम चोख करी.

दाराबाहेर राहिलेल्यांनीं काय केलें, हा इतिहासाचा अधिक रसाळ भाग आहे. मुंबई जिमखाना १८७५ सालीं निघाला, तो केवळ युरोपियनांसाठीं. त्याच्या सभासदांस पोलो खेळावयास मैदान हवें, आणि त्याच मैदानावर पारशी, हिंदु व मुसलमान पोरें क्रिकेट खेळत. घोड्यांच्या टापांनीं खेळपट्टीची चाळण होई. १८८१ त चारशेंहून अधिक एतद्देशीय खेळाडूंनीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांजकडे अर्ज केला, व तें भांडण वर्षेंच्या वर्षें चाललें. त्याची हकीकत शापुरजी सोराबजी यांनीं १८९७ सालीं पुस्तकरूपानें छापली, ती वाचण्यासारखी आहे. सरकारनें अखेर समुद्रकांठीं जागा दिल्या आणि पारशी, इस्लाम व हिंदु असे तीन जिमखाने उभे राहिले. हिंदु जिमखाना १८९४ चा. म्हणजे एका बंद दारावर आम्ही जें उत्तर काढलें तें आणखी तीन दारांचें! साहेबानें रंग पाहिला, तर आपण धर्म पाहिला. आणि धर्माच्या आंत आणखी काय पाहिलें, तें बाळू पाळवणकर यांच्या चरित्रावरून कळतें.

पाळवणकरांचा जन्म १८७६ त धारवाडास, चर्मकार कुटुंबांत झाला. त्यांचें मूळ गांव कोंकणांतील पाळवण. पुण्यास पारशांच्या एका क्रिकेट क्लबांत मैदान झाडण्याचें व रोलर ओढण्याचें काम त्यांना मिळालें, पगार महिना तीन रुपये. पुढें ते चार रुपयांवर साहेबांच्या पूना क्लबांत गेले. तेथें कॅप्टन ग्रेग यांस सरावासाठीं ते तासन् तास गोलंदाजी करीत; आपणास बाद केल्यास दर वेळीं आठ आणे देण्याचें ग्रेगनीं कबूल केलें होतें अशी आख्यायिका आहे. फळी मात्र त्यांच्या हातीं कधीं कोणी दिली नाहीं. त्यांची ख्याति पसरली तेव्हां पुण्याच्या हिंदु क्लबापुढें पेंच पडला. साहेबांस हरवावयाचें तर हा गोलंदाज हवा. घ्यावा तर विटाळ. वाद झाला व त्यांना घेतलें. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरूं लागला. पण चहाची वेळ झाली कीं इतर खेळाडू मंडपांत बसून पेल्यांतून चहा घेत व पाळवणकरांस तो बाहेर मातीच्या भांड्यांतून मिळे. जेवणाचें पान वेगळें, आणि तोंड धुवावयाचें तर पाणी घालणारा त्यांच्याच सारखा अस्पृश्य गडी.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून एडिंबरोच्या त्या चांभाराची आठवण करावी. पॅटरसन राजपुत्राबरोबर खेळला व त्या दिवसापुरता तरी जोडीदार ठरला. पाळवणकर सभासद होऊनहि पाहुणेच राहिले, आणि पाहुण्याचा मानहि त्यांस नव्हता. दार उघडणें आणि आंत घेणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें या उदाहरणाइतकें स्पष्ट दाखविणारें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्यांनीं त्यांचा जाहीर गौरव केला, त्यानें बोच थोडी कमी झाली असेल. पुढें मुंबईस हिंदु जिमखान्याकडून ते खेळूं लागले. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्यांत त्यांचा मोठा वांटा होता. १९११ च्या विलायतच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. तरी कप्तानपद त्यांस कधींच मिळालें नाहीं. १९२० सालीं त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं जातीमुळें आपणांस डावलण्यांत आलें असें जाहीर निवेदन काढून संघांतून अंग काढून घेतलें, आणि १९२३ त विठ्ठल कप्तान झाले. तीन वर्षांत जिमखान्याचें मन पालटलें असें कोणी म्हणेल. आम्हांस वाटतें, निवेदन छापलें गेलें म्हणून पालटलें. काळ्या गोळीची सारी शक्ति तिच्या मुकेपणांत असते. कारण विचारलें गेलें कीं ती निम्मी होते.

याच सुमारास पुण्यास एक निराळा प्रकार घडला, तोहि नोंदविला पाहिजे. १९०६ त निघालेल्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत १९१९ सालीं शेतकरी वर्गांतील पोरें अनवाणी धांवलीं. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा तें पाहून थक्क झाले, आणि त्यांतून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकास हिंदी चमू गेला. बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें १९ वे आले. पायांत बूट आहेत कीं नाहींत हें त्या शर्यतीच्या वेळीं कोणी पाहिलें नाहीं.

आतां विलिंग्डन क्लबाकडे वळूं. लॉर्ड विलिंग्डन १९१३ पासून १९१८ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. आपल्या एका संस्थानिक पाहुण्यास गोऱ्यांच्या क्लबानें दारावरूनच परत पाठविलें, याचा राग येऊन त्यांनीं नवा क्लब काढला असें सांगतात. राग असेलहि, पण महायुद्ध चालू होतें व संस्थानिकांच्या आणि सावकारांच्या पैशाची सरकारास गरज होती, हेंहि विसरूं नये. हेतु कांहीं असो, १९१८ सालीं अठरा खड्ड्यांच्या गोल्फ मैदानासह जो क्लब उभा राहिला, त्यांत हिंदी व गोरा यांस बरोबरीनें प्रवेश होता. त्या दिवसांत ही गोष्ट लहान नव्हती. १९३३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना मुंबई जिमखान्यावर झाला व लाला अमरनाथ यांनीं ११८ धावा काढल्या, तेव्हांहि त्या जिमखान्याचें सभासदत्व हिंदी मनुष्यास बंद होतें. त्या मानानें विलिंग्डननें मोठाच पल्ला गांठला होता.

परंतु रंगाचें कुलूप निघालें तरी दार सताड उघडलें नाहीं. १९८८ सालीं चित्रकार हुसेन यांस याच क्लबांत मज्जाव झाला, कारण त्यांच्या पायांत जोडा नव्हता. हुसेन यांचा जन्म आमच्या सोलापुर जिल्ह्यांतला, पंढरपुरचा. अनवाणी चालण्याचें ज्या गांवीं पुण्य मानतात, त्या गांवच्या मनुष्यास अनवाणी म्हणून परतावें लागलें! क्लबाच्या बाजूनें इतकेंच म्हणतां येईल कीं नियम सर्वांस सारखा होता. मुंबईच्या जुन्या क्लबांत आज जात व वर्ण कोणी विचारीत नाहीं. सभासदांचीं मुलें सभासद होतात, प्रवेशाची फी मोठी असते, आणि उमेदवारांची यादी इतकी लांब कीं नांव घालणाऱ्याचा पाळी येईपर्यंत टिकाव लागला म्हणजे मिळविली. काळी गोळी गेली. तिचें काम आतां पंचांग करतें.

नासिकास एक विस्तीर्ण मैदान आहे. साहेबांच्या काळीं तेथें गोल्फ चाले. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांस अनंत कान्हेरे यांनीं गोळी घातली व १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास ते फांशीं गेले. त्यांचें नांव आतां या मैदानास दिलेलें आहे. तेथें रणजी करंडकाचे सामने होतात, आणि सकाळसंध्याकाळ फिरावयास येणाऱ्यांस कोणी सूचक-अनुमोदक विचारीत नाहीं. रिक्षावाल्यास मात्र कान्हेरे मैदान म्हटल्यापेक्षां गोल्फ क्लब मैदान म्हटलेलें लवकर समजतें.