जस्ताच्या पांढऱ्या धुराची कुळकथा

उन्हापासून त्वचेचे रक्षण व्हावे म्हणून रासायनिक लेपांऐवजी 'नैसर्गिक' म्हणून जे पांढरे मलम आज अनेक जण विचारपूर्वक निवडतात, आणि ज्याचे पट्टे नाकागालांवर ओढून क्रिकेटपटू दिवसदिवस मैदानात उभे राहिलेले आपण पाहिले आहेत, त्याचा मुख्य घटक म्हणजे जस्त आणि प्राणवायू यांचे संयुग, झिंक ऑक्साइड; त्याचे कूळ शोधू गेल्यास ते कोणत्याही वनस्पतीच्या मुळाशी न सापडता धातुकाराच्या भट्टीत, तेही तेथून निसटणाऱ्या धुरात सापडते.

जस्ताचा स्वभावच मुळी विलक्षण. तांबे वितळून भट्टीच्या तळाशी उतरते. जस्त मात्र ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि खनिजातून ते मोकळे करण्यास त्याहून अधिक उष्णता लागत असल्यामुळे ते सुटते तेच वाफेच्या रूपाने. त्या वाफेला वारा लागला की तत्काळ तिचे पांढरे, कापसासारखे भस्म होते. तांब्याच्या भट्ट्यांतून साचणारे हे भस्म पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने औषधांत नोंदले, आणि इराणच्या मुलखात तेच तुतिया या नावाने डोळ्यांच्या विकारांसाठी तयार होत असल्याची हकीकत मार्को पोलोने लिहून ठेवली.

वैद्याला हवासा असलेला हा धूर धातुकाराला मात्र निव्वळ नुकसान होता. उदयपूरच्या दक्षिणेस अरवलीच्या डोंगरांत जावर म्हणून जे ठिकाण आहे, तेथील कारागिरांनी या नुकसानीवर जी तजवीज काढली तिला तोड नाही. रसरत्नसमुच्चय या सुमारे तेराव्या शतकातील ग्रंथात जिचे वर्णन आले आहे ती वृंताकमूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची, लांब नळीची मातीची मूस, भाजलेले खनिज आणि कोळसा यांच्या गोळ्यांनी भरून ते उलटी बसवीत. वर आगीचा कल्लोळ, आणि नळी सच्छिद्र तळातून खालच्या थंड कोठीत उतरलेली. गोळे ओघळून पडू नयेत म्हणून नळीत एक काडी खोचलेली असे, जी पुढे जळून जाऊन वाफेला वाट करून देई. अशा ३६ मुशी एका भट्टीत एकदम तापत, आणि वाफ वर जाण्याऐवजी खाली उतरून, वाऱ्याचा स्पर्श होण्यापूर्वीच धातू होऊन भांड्यात ठिबकत असे. १९८० नंतरच्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून केलेल्या उत्खननात या भट्ट्यांचे अवशेष जागच्या जागी सापडले. टाकून दिलेल्या मुशींचे तर तेथे असे ढीग आहेत की त्या रचून लोकांनी घरांच्या भिंती उभारल्या. कोणत्याही राजवाड्याइतक्याच अभिमानाने सांगावे असे हे कर्तृत्व आहे, असे मला मनापासून वाटते.

युरोपात जस्त काढण्याची सनद ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ साली मिळविली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसचा रंगकाम करणारा लक्लेर, शिशाच्या विषारी सफेद्याने आपल्या कामगारांचे होणारे हाल पाहून, जस्ताच्या सफेद्याकडे वळला. आणि त्यासाठी जस्ताची वाफ मुद्दाम हवेत जाळण्याची जी रीत रूढ झाली, तीच औषधी भस्मासाठी आजही वापरात आहे. जावरच्या कारागिराने जो धूर जिवापाड चुकविला, तो आता कारखाने हेतुपुरस्सर निर्माण करू लागले. त्याच शतकाच्या अखेरीस बर्लिनचे त्वचावैद्य लासार यांचा जस्ताचा लेप दवाखान्यांतून प्रचारात आला.

हे भस्म किरणांना केवळ परतवून लावते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः सुमारे ३७० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण ते मुख्यत्वे शोषून घेते, आणि ते करताना स्वतः त्वचेवरच राहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली १६ घटकांपैकी जस्त आणि टायटॅनियम यांची ऑक्साइडे एवढीच दोन सुरक्षित व परिणामकारक गणण्याची शिफारस केली आणि १२ घटकांविषयी अधिक पुरावा मागितला; त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑक्सिबेन्झोनसारखे चार रासायनिक घटक त्वचेतून रक्तात उतरल्याचे दिसले. रक्तात उतरणे म्हणजे अपाय होणेच असे नव्हे, हे मान्य करूनही, लहान मुलांच्या अंगाला लावण्यासाठी मी जस्ताचीच निवड करीन. ती 'नैसर्गिक' या विशेषणासाठी नव्हे, कारण हे भस्म कारखान्यातच तयार होते, तर त्याच्या या गुणांसाठी.

मात्र बाजारातून पूड आणून ती खोबरेल तेलात घरीच कालवण्याचा जो प्रघात पडू पाहत आहे, तो धोक्याचा आहे. पुडीच्या गुठळ्या होतात, आणि गुठळ्यांच्या मधल्या उघड्या जागेतून ऊन विनासायास आत शिरते. चूर्ण एकसारखे पसरविणे हे यंत्राचे व परीक्षेचे काम आहे. आणि तसे तयार केलेले मलमसुद्धा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतके जाड लावले, तरच डबीवर छापलेले संरक्षण पदरात पडते.