खातेदाराची ओळख : ‘निशाणी नांगरा’पासून आभासी चलनाच्या खात्यापर्यंत

प्रस्तावना

यवतमाळ शहरालगत दारव्हा मार्गावर वसलेले लोहारा हे गाव आज मुख्यतः औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. कापूस पिकविणाऱ्या या परिसरात सावकाराची वही, सहकारी संस्थेचे पासबुक, बँकेचे कार्ड आणि आता मोबाइल अशी पैशाची साधने एकामागून एक आली. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाची खरेदी-विक्री करणाऱ्या विनिमय केंद्रावर खाते उघडण्यासाठी लोहाऱ्याच्या तरुणाला गाव सोडावे लागत नाही. मात्र त्या खात्यात प्रवेश करताना त्याला विचारला जाणारा प्रश्न नवा नाही. समोरचा मनुष्य तोच आहे हे कशावरून? या प्रश्नाला महाराष्ट्रात निरनिराळ्या काळी कोणती उत्तरे दिली गेली आणि त्यांपैकी कोणते उत्तर मध्येच हरवले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

निशाणी आणि मोर्तब

मराठेशाहीतील महजर व खते पाहिली असता असे दिसते की, निरक्षर मनुष्य दस्तऐवजाबाहेर नव्हता. पाटील वा कुणबी आपल्या नावापुढे नांगराची आकृती काढीत असे. बलुतेदार आपापल्या व्यवसायाचे हत्यार रेखाटीत. ही आकृती कोणालाही काढता येण्याजोगी होती. म्हणून ‘निशाणी नांगर’ एकटी कधीच पुरेशी मानली गेली नाही. तिच्या बाजूला साक्षीदारांची नावे असत आणि खरा पुरावा तोच होता. राजपत्रांची रीत वेगळी होती. तेथे आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटविले जाई. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढवू नये, हा मोर्तबाचा अर्थ होता. मजकुरात नंतर फेरफार झालेला नाही हे दाखविण्याचे आजच्या डिजिटल स्वाक्षरीचे एक काम तेच आहे.

हुंडी : दोन्ही बाजूंची ओळख

पैसा दूरच्या गावी पाठविण्याची व्यवस्था म्हणजे हुंडी. दर्शनी हुंडी दाखविताच रक्कम मिळे, मुदती हुंडीची रक्कम ठरलेल्या दिवशी. यांपैकी शाहजोग हुंडी येथे विशेष महत्त्वाची आहे. ती कोणाही अनोळखी व्यक्तीस न देता केवळ ‘शाह’ म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यासच द्यावयाची असे. परक्या गावी गेलेल्या मनुष्यास रक्कम हवी असल्यास त्याला तेथील शाह गाठावा लागे आणि हुंडी बनावट निघाल्यास त्या शाहास उत्तर द्यावे लागे. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून ती सांगताना तिची निमी रक्कम लिहून ‘तिच्या दुप्पट’ असा उल्लेख करीत. हुंडीखेरीज पेढीला स्वतंत्रपणे सूचनापत्रही धाडले जाई. म्हणजे चोराच्या हाती हुंडी लागली तरी दुसरी वाट त्याच्या ताब्यात नसे. हुंडी हरवल्यास ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून दिली जाई.

या पद्धतीत ग्राहकाने पेढीस ओळख पटवायची, एवढेच नव्हते. पेढी कोणाची, गादीवर कोण बसतो, दुकान कोणत्या गल्लीत आहे हे सारे गावास ठाऊक असे. खोटी पेढी थाटून हुंडी हडप करणे जवळजवळ अशक्य होते. ओळख दुहेरी होती. पुढील काळातील व्यवस्थांचे मोजमाप याच कसोटीवर करणे उचित ठरेल.

१८७५ नंतर

ही दुहेरी ओळख व्यापाऱ्याच्या उपयोगाची होती. कुणब्याच्या खतात ती एका बाजूस झुकलेली होती. सावकार ऋणकोस पुरता ओळखी, परंतु ऋणको ज्या कागदावर निशाणी करी तो त्याला वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातील खते बाहेर काढून जाळली. दख्खनच्या दंग्यांचा हा आरंभ होय. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचे खत ग्राम-निबंधकासमोर लिहिले जाण्याची तरतूद केली आणि कर्जदारास पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असले तरी तेथील व्यवस्था निराळी होती व हा कायदा दख्खनच्या जिल्ह्यांपुरता होता. तरीही त्यामागील विचार लोहाऱ्याच्या कुणब्यालाही तितकाच लागू पडणारा होता : सही करणाऱ्यास आपण कशावर सही करतो हे तिऱ्हाइताने समजावून सांगितले पाहिजे.

अंगठा

१८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारावर ठेकेदाराच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. साक्षीदार पुसून टाकणारे हे पहिले साधन होते, कारण मनुष्याची ओळख आता त्याच्या शरीरातच होती. मराठीत ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द निरक्षरास हिणविण्यासाठी रूढ झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे आधार योजनेचा प्रारंभ झाल्यानंतर मात्र प्राध्यापकांनाही अंगठा टेकविणे भाग पडले, ही गंमत नोंदविण्यासारखी आहे.

सांकेतिक शब्द

संगणकाने याच्या नेमकी उलट वाट धरली. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत एकच संगणक अनेक जण वापरू लागले, तेव्हा प्रत्येकास सांकेतिक शब्द देण्यात आला. १९६२ मध्ये तेथील एका संशोधकाने सर्वांच्या सांकेतिक शब्दांची यादीच छापून घेतली. म्हणजे या पद्धतीची उणीव तिच्या जन्माबरोबरच दिसली होती : ज्यास शब्द ठाऊक, तो मालक. साक्षीदार नाही, शाह नाही, शरीरही नाही.

भारतीय रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्ड प्रत्यक्ष न दाखविता होणाऱ्या व्यवहारांना ओळखीचा आणखी एक पुरावा सक्तीचा केला. भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा संकेतांक, म्हणजे ओटीपी, पुढे घराघरांत पोहोचला. हुंडीच्या स्वतंत्र सूचनापत्राचे हे पुनरागमन म्हणता येईल. परंतु सूचनापत्र पेढीकडे जाई, ओटीपी मात्र ग्राहकाकडे येतो आणि तो गोड बोलून काढून घेता येतो. शिवाय बनावट कागदपत्रांवर दुसरे सिमकार्ड मिळविले की संदेश चोराच्याच हाती पडतो.

विनिमय केंद्राचा दरवाजा

बिटकॉइनची संकल्पना ऑक्टोबर २००८ मध्ये मांडली गेली. भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरविले. मार्च २०२३ पासून विनिमय केंद्रे काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आली. त्यामुळे खाते उघडताना पॅन व अन्य कागदपत्रांची तपासणी होते. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा लागतो. ही तपासणी मनुष्याची असते. त्यानंतर रोज होणारा प्रवेश मात्र मनुष्याचा नसून शब्दाचा व संकेतांकाचा असतो. आणि बँकेच्या चुकीच्या व्यवहाराविरुद्ध दाद मागण्याच्या ज्या वाटा आहेत, त्या येथे नाहीत. साखळीत एकदा नोंदले गेलेले हस्तांतरण मागे घेता येत नाही.

फसवणुकीचा सर्वांत रुळलेला प्रकार सांकेतिक शब्द फोडण्याचा नाही. हुबेहूब दिसणारे खोटे संकेतस्थळ उभारले जाते, त्याचा दुवा संदेशाने येतो किंवा शोधयंत्रात जाहिरात म्हणून वर दिसतो. खातेदार तेथे आपला शब्द लिहितो, संकेतांकही लिहितो. चोर त्याच क्षणी दोन्ही खऱ्या संकेतस्थळावर वापरतो. भ्रमणध्वनीतील उपयोजनात दर तीस सेकंदांनी बदलणारा संकेतांक संदेशाने येणाऱ्या ओटीपीपेक्षा निश्चितच चांगला, कारण तो सिमकार्डावर अवलंबून नसतो. परंतु या युक्तीपुढे तोही टिकत नाही. दोष कोठे आहे हे हुंडीकडे पाहिले म्हणजे उमगते. खातेदार आपली ओळख दोनदा पटवितो, पेढी मात्र आपली ओळख एकदाही पटवीत नाही.

म्हणून विनिमय केंद्राचा पत्ता स्वतः टंकित करणे किंवा पूर्वी जतन केलेल्या खुणेवरूनच उघडणे, ही वरवर क्षुल्लक वाटणारी सवय प्रत्यक्षात पेढीची ओळख पटविण्याची क्रिया ठरते. काही केंद्रे खातेदारास एक खूणशब्द निवडू देतात व आपल्या प्रत्येक ई-पत्रात तो छापतात. खूणशब्द नसलेले पत्र खोटे समजावे. २०२२ पासून प्रसृत झालेली ‘पासकी’ ही याहून पुढची पायरी होय. ती ज्या संकेतस्थळासाठी निर्माण झाली त्याखेरीज अन्य पत्त्यावर चालतच नाही. खातेदार फसला तरी किल्ली फसत नाही. पैसे केवळ आधी नोंदविलेल्या पत्त्यांवरच जातील, असे बंधन घालण्याची सोयही अनेक केंद्रांत असते. शाहजोग हुंडीची अट याहून फार वेगळी नव्हती.

दरवाजाच्या आत

खातेदाराने सर्व काळजी घेतली तरी पेढीची आतील तिजोरी त्याच्या हाती नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम संगणकीय हल्ल्याने गेली. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या विनिमय केंद्रातून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची आभासी चलने चोरीस गेली. त्यासाठी कोणाही ग्राहकाचा सांकेतिक शब्द लागला नाही. फरक नंतरच्या व्यवस्थेत आहे. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण होते. विनिमय केंद्रातील शिलकीस असे वैधानिक विमा-संरक्षण नाही.

किल्ली म्हणजेच मालकी, या तत्त्वाचे विदारक रूप पुण्यातच दिसले. गेनबिटकॉइन प्रकरणाच्या तपासात साहाय्यासाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांना पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. आरोपींच्या खात्यांचा तपशील हाती आल्यावर त्यांनी त्यातील चलन परस्पर वळविले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला.

खातेदाराच्या पश्चात काय, हा प्रश्न लोहाऱ्यासारख्या गावात अधिक बिकट होतो. शेत वारसाच्या नावे करण्यासाठी तलाठ्याकडे फेरफाराची नोंद आहे, बँकेत नामनिर्देशन आहे. विनिमय केंद्राकडे मृत्यूचा दाखला व वारसाची कागदपत्रे घेऊन अर्ज तरी करता येतो, तोही घरच्यांना खाते असल्याचे ठाऊक असेल तर. चलन जर स्वतःच्या पाकिटात ठेवले असेल आणि त्याचे बारा किंवा चोवीस शब्द कोठेच लिहून ठेवलेले नसतील, तर वारसाने ज्याच्याकडे जावे असे कार्यालय नाही. तेथे परपेठ लिहून देणारा कोणी नाही.