काढा, कावळा आणि आजी

पाळीच्या दिवसांत आमच्या घरी काढा ठरलेला. सुंठ, ओवा, गूळ. दोन कप पाणी आटवून एक कप. रेसिपी आजीची. आजी जामखेड तालुक्यातली, म्हणजे तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. परवा सहज विचारलं, "तुला कोण करून द्यायचं गं?"

म्हणाली, "कावळा शिवल्यावर चुलीपाशी जायचं नाही. आणि सासूला सांगणार कोण, पोट दुखतंय म्हणून?"

म्हणजे औषध स्वयंपाकघरात आणि पेशंट ओसरीवर!

आता या काढ्यात तथ्य किती? ही कळ येते प्रोस्टाग्लँडिनमुळे. गर्भाशयाच्या अस्तरातून ते सुटतं आणि स्नायू आवळले जातात. १९५७ साली पिकल्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाला पाळीच्या स्रावातच असे स्नायू आवळणारे पदार्थ सापडले. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतं. १९८२ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. आल्या-सुंठेतही थोडाफार तोच गुण आहे. छोट्या चाचण्यांत सुंठेने आराम पडलेला दिसतो. पण त्या बहुतेक पावडरच्या कॅप्सूलच्या, चहा-काढ्याच्या नव्हेत. ओव्याचा पुरावा त्याहून तोकडा. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक मात्र खरंच उपयोगी.

पण दुखतंय हे सांगायचं कुणाला? १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना, कित्येक निरक्षर, शिकवून आरोग्यसेविका केलं. आपल्यातलीच एक बाई दारात येऊन तब्येत विचारते, ही केवढी मोठी गोष्ट!

आणि जिथे विचारणारं कुणी नव्हतं तिथे? डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते आकडे आले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि त्याआधी तपासणी झालेली फक्त ८ टक्क्यांची. बाकीच्यांनी अंगावर काढलं.

म्हणून, मैत्रिणींनो, काढा जरूर घ्या. पण दर महिन्याला दुखणं वाढत असेल, ऑफिसला दांडी मारावी लागत असेल, तर डॉक्टर गाठा. एंडोमेट्रिओसिससारखं काही असलं तर ते सुंठेला दाद देत नाही.

असो. या रविवारी काढा मी केला. आजीचे गुडघे दुखतायत. या वेळी तिने स्वतःहून सांगितलं.