कातडी कोण भाजते? ऊब की उजेड?

१/ १८२० साली लंडनचे शल्यचिकित्सक सर एव्हरार्ड होम यांना एका प्रश्नाने पछाडले होते. काळा रंग उष्णता अधिक शोषतो; मग उष्ण प्रदेशांतील माणसांची त्वचा काळी कशी? तिने तर त्यांचे नुकसानच व्हायला हवे.

२/ होम यांनी स्वतःचेच हात उन्हात धरले. एक उघडा, दुसरा काळ्या कापडाखाली; दोहोंवर तापमापक. कापडाखालचा हात अधिक तापला, पण भाजला तो उघडा हात! म्हणजे कातडी जाळणारी गोष्ट उष्णता नव्हेच. (मेहुणे जॉन हंटर यांची हस्तलिखिते जाळणारे होम ते हेच. पण प्रयोग पक्का होता.)

३/ जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरण रिटर यांनी १८०१ मध्येच शोधले होते. तरी तेच त्वचा भाजतात, हे स्टॉकहोमच्या विडमार्क यांनी दाखवेपर्यंत १८८९ साल उजाडले.

४/ म्हणूनच बर्फातही माणूस भाजतो. फ्रान्झ ग्राइटर हा ऑस्ट्रियन विद्यार्थी १९३८ मध्ये आल्प्समधील पिझ बुइन शिखर चढताना असाच भाजला, असे सांगतात. पुढे त्याने ‘ग्लेचर क्रेम’ हे मलम आणले. १९५६ साली शुल्झे यांनी मांडलेली मोजणीची कल्पना ‘एसपीएफ’ या नावाने रूढ करणाराही तोच.

५/ हा आकडा तासांचा नव्हे. त्वचा लाल व्हायला एरवीच्या किती पट किरण लागतील, एवढेच तो सांगतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० सुमारे ९८, फरक किरकोळ. मात्र प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देतात. आपण बहुधा त्याच्या निम्माही देत नाही. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांवर लांबभर पिळलेले मलम लागते, आणि दर दोन तासांनी पुन्हा.

६/ खरी मेख पुढेच आहे. ‘लाल होणे’ हे माप गोऱ्या कातडीवर बेतलेले. आपली त्वचा सहसा लाल होत नाही, रापते. आणि रापवण्यात, सुरकुत्या आणण्यात मोठा वाटा असलेले यूव्हीए किरण या आकड्यात जवळजवळ मोजलेच जात नाहीत. त्यासाठी नळीवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘पीए’पुढील अधिक चिन्हे पाहावीत. काळ्या त्वचेचे कवच होम यांना दिसले ते खरेच, पण ते अपुरे आहे.

७/ डिसेंबरात राजगडाच्या बालेकिल्ल्यावर गार वारा सुटलेला असतो, ऊन हवेहवेसे वाटते. नळी पाठपिशवीतून बाहेर काढायची ती तेव्हाच.