मिठावरचे दोन पैसे आणि १९२३ ची निवडणूक

आम्ही विश्रांतवाडीतल्या बायका बोलतोय. आमच्यातल्या बऱ्याच जणी गावाकडून इथे आलेल्या आहेत. कुणी लग्न होऊन आली, कुणी दुष्काळात घर सोडून आली. पण गावचा बचत गट आणि इथला बचत गट यांत फारसा फरक नाही. सतरंजी तीच, वही तीच आणि हिशोबाला बसलं की वाद तेच.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळची गोष्ट. बैठक चालली होती आणि शेजारच्या घरात टीव्हीवर प्रचाराचं भाषण चालू होतं. विषय कराचा होता. श्रीमंतांवर किती कर असावा, वारसा हक्काने मिळालेल्या संपत्तीवर असावा का, बायकांच्या मंगळसूत्राचं काय होणार, असं बरंच काही. आमच्यातली एक म्हणाली, "ते कर भरणाऱ्यांचं चाललंय. आपण कुठे कर भरतो?" तेवढ्यात एका मावशींनी पिशवीतून साबणाची वडी काढली आणि वेष्टनावरचा मजकूर वाचायला लावला. किंमत, सर्व करांसह. मग सगळ्याच गप्प झाल्या.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की कराची गोष्ट मुळापासून समजून घ्यायची. शोधत गेलो तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची एक निवडणूक सापडली. तीही कराभोवती फिरलेली, आणि तो कर होता मिठावर. आज तीच गोष्ट सांगतो.

आधी मिठाचा हिशोब करू. इंग्रजांच्या राज्यात मीठ कुणालाही मोकळेपणाने बनवता येत नव्हतं. कोकणात उरण, पेण, शिरोड्याला मिठागरं होती, पण त्यांच्यावर सरकारी पहारा. परवान्याशिवाय समुद्राचं पाणी आटवून मीठ केलं तरी तो गुन्हा. मीठ बाहेर पडायचं ते मणामागे ठरलेला कर भरून. एक मण म्हणजे चाळीस शेर, आजचे सदतीस किलो.

या कराविरुद्ध आपल्या पुण्यातून फार आधी आवाज उठला होता. फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. त्यांनी आकड्यांनीच दाखवून दिलं की सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते आहे आणि ती गरिबाच्या पोटाला चिमटा काढून पडते आहे. तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, तो पुन्हा सव्वा रुपया झाला.

महायुद्ध संपलं, पण सैन्याचा खर्च काही उतरला नाही. सरकारच्या जमाखर्चात तूट येत राहिली. १९२३ च्या मार्चमध्ये अर्थखात्याचे प्रमुख बेसिल ब्लॅकेट यांनी सुचवलं की मिठावरचा कर दुप्पट करू, सव्वा रुपयाचा अडीच रुपये. मीठ सगळेच खातात, म्हणून वसुली सोपी. सरकारचं म्हणणं असं की माणशी वर्षाला काही आण्यांचाच तर बोजा पडेल.

आता आपण आपल्या पद्धतीने हिशोब मांडू. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. मणाला सव्वा रुपया कर म्हणजे शेरामागे दोन पैसे. तो झाला चार पैसे. एका माणसाला वर्षाला सहा शेर मीठ धरलं, तर पाच माणसांच्या घराला तीस शेर. पूर्वी त्या घरावर पंधरा आणे कर बसायचा, आता एक रुपया चौदा आणे. आकडा छोटा वाटतो. पण रोजाने जाणाऱ्या बाईची मजुरीच तेव्हा आण्यांत मोजली जायची. तिच्या घरचे हे पंधरा आणे म्हणजे कित्येक दिवसांचे कष्ट. वाड्यातल्या सावकाराला पंधरा आणे म्हणजे विडा-सुपारीचा खर्च. आणि सावकार काही मजुराच्या दसपट मीठ खात नाही. उलट उन्हात घाम गाळणाऱ्यालाच मीठ जास्त लागतं. शिवाय कोकणात मासळी खारवायची, घरोघरी लोणचं घालायचं, जनावरांना द्यायचं, ते वेगळंच.

न्यायाचा खरा प्रश्न इथेच आहे, मैत्रिणींनो. सगळ्यांवर सारखा कर लावला, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण ज्याच्या ताटात एकच भाकरी आहे त्याच्याकडून चतकोर घेणं, आणि ज्याच्या ताटात दहा आहेत त्याच्याकडूनही चतकोरच घेणं, हे सारखं कसं?

मग झालं काय? कायदेमंडळाने ही वाढ नामंजूर केली. पण व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हातात खास अधिकार होता. लोकांच्या प्रतिनिधींनी नाही म्हटलेला कर त्यांनी स्वतःच्या सहीने मंजूर केला. बचत गटात सगळ्या सभासदांनी ठराव फेटाळावा आणि बाहेरच्या एका साहेबाने सही करून तो मंजूर आहे म्हणून सांगावं, तसं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाच्या कायदेमंडळाची निवडणूक होती. आता गोष्ट पक्षांच्या डावपेचांकडे वळते.

महात्मा गांधी तेव्हा कुठे होते, माहीत आहे? आमच्या शेजारी, येरवड्याच्या तुरुंगात. माउलींची पालखी आळंदीहून ज्या रस्त्याने विश्रांतवाडीत येते, त्याच रस्त्याने पुण्याकडे निघालं की येरवडा जवळच. मार्च १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांच्यामागे काँग्रेसमध्ये मोठा वाद पेटला. एक गट म्हणायचा, इंग्रजांच्या कायदेमंडळावर बहिष्कारच ठेवा, गावात जाऊन खादीचं आणि अस्पृश्यता निवारणाचं काम करा. चक्रवर्ती राजगोपालाचारी या बाजूचे. दुसरा गट चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांचा. ते म्हणायचे, निवडणूक लढवू, आत जाऊ आणि आतूनच सरकारला अडवू. डिसेंबर १९२२ मध्ये गयेच्या अधिवेशनात दास यांच्या गटाचा पराभव झाला, तरी ते थांबले नाहीत. १९२३ च्या सुरुवातीला त्यांनी स्वराज्य पक्ष काढला. आपल्याकडे 'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर आणि मुंबईचे मुकुंदराव जयकर या पक्षात आले. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या खास अधिवेशनात काँग्रेसने मोकळीक दिली की ज्यांना निवडणूक लढवायची आहे त्यांनी लढवावी.

तिसरी बाजू मवाळांची होती. काँग्रेसने बहिष्कार घातला तेव्हा हेच लोक कायदेमंडळात बसून होते. ते म्हणायचे, आत राहून सरकारला समजावून सांगता येतं. मिठाच्या कराने त्यांची मोठी पंचाईत केली. त्यांच्यातल्या पुष्कळांनी वाढीविरुद्ध मत दिलं होतं, तरी वाढ झालीच. स्वराज्य पक्षाला आयतं उदाहरण मिळालं. तुमचे प्रतिनिधी नाही म्हणाले, तरी तुमच्या मिठावर कर बसला, मग या कायदेमंडळाचा उपयोग काय, असं त्यांना मतदारांना विचारता आलं.

निकाल लागला तेव्हा निवडून द्यायच्या शंभराच्या आसपास जागांपैकी चाळीसच्या वर जागा स्वराज्य पक्षाने जिंकल्या होत्या. केळकर निवडून गेले, मुंबईहून विठ्ठलभाई पटेल गेले. मार्च १९२४ मध्ये, सरकारने मिठावरचा कर दोन रुपयांवर आणायची तयारी दाखवली असतानाही, या पक्षाने इतर गटांना बरोबर घेऊन सरकारचं सगळं अर्थविधेयकच फेटाळलं. व्हाइसरॉयने पुन्हा आपला अधिकार वापरला. पण या वेळी मिठावरचा दर सव्वा रुपयावर आणला. दुप्पट केलेला कर वर्षभरात जागच्या जागी आला.

हे श्रेय एकट्या स्वराज्य पक्षाचं म्हणावं का? आम्ही तसं म्हणणार नाही. सरकारचा जमाखर्चही तोवर सावरला होता. पण निवडणुकीत कराचा राग दिसला आणि सरकारला तो दिसला, एवढं नक्की.

आता या गोष्टीत कुठेतरी आपणही असायला हव्यात ना? म्हणून आम्ही विचारलं की या निवडणुकीत मत कोणाला होतं. उत्तर ऐकून आमची वही हातातच राहिली. साऱ्या ब्रिटिश मुलखात चोवीस कोटींच्या वर माणसं, आणि या कायदेमंडळाचे मतदार दहा लाखांच्या आसपास. ज्याच्या नावावर मालमत्ता आहे, जो ठरावीक शेतसारा किंवा प्राप्तिकर भरतो, त्यालाच मत. मुंबई इलाख्यात १९२१ साली बायकांवरची मतदानाची बंदी उठली होती, पण अट तीच. सातबाऱ्यावर आज किती जणींचं नाव आहे ते तुम्हीच सांगा, मग तेव्हाची कल्पना येईल.

म्हणजे मीठ घेणारी प्रत्येक बाई कर भरत होती. पण सरकारच्या लेखी कर भरणारा तो, ज्याच्या नावाने पावती फाटते. मिठाच्या पुडीबरोबर पावती मिळत नव्हती, म्हणून तिला मतही नव्हतं. प्रचारात तिच्या मिठाबद्दल भाषणं झाली, पण तिला कुणी काही विचारलं नाही.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. गांधीजींना जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याहून ससूनला आणून अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारीत ते सुटले. स्वराज्य पक्षात लवकरच फूट पडली. केळकर, जयकर आणि नागपूरचे मुंजे हे सरकारी पदं घ्यावीत या मताचे झाले आणि वेगळे निघाले. मिठावरचा सव्वा रुपया मात्र तसाच राहिला. १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला जाऊन तो कायदाच मोडला. दांडीयात्रेच्या तुकडीत बायका घेतल्या नव्हत्या. पण मीठ बायकांच्या हातातलं. त्या मागे कशा राहतील? मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी चुली मांडून मीठ काढलं. धारासण्याला सरोजिनी नायडू पुढे झाल्या. आपल्या शिरोड्याला मे महिन्यात सत्याग्रह झाला. गांधीजींना पकडून पुन्हा इथेच, येरवड्याला आणलं.

मीठकर अखेर गेला १ एप्रिल १९४७ ला, स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी. तेव्हाच्या हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी तो रद्द केला. त्याच अर्थसंकल्पात त्यांनी एक लाख रुपयांपेक्षा जास्त नफा कमावणाऱ्या धंद्यांवर नवा कर सुचवला. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो दर उतरवावा लागला. गरिबाचा कर काढायचा तर पैसा दुसरीकडून आणावा लागतो, आणि तो जिथून आणायचा तिथून ओरड होतेच. हेही लक्षात ठेवायला हवं.

आज मिठावर जीएसटी नाही. सॅनिटरी पॅडवर २०१७ साली बारा टक्के लागला होता. देशभरातल्या बायकांनी विचारलं की पाळी ही काय चैन आहे का? जुलै २०१८ मध्ये तो काढला. वारसा कराचा वाद २०२४ मध्ये तापला, पण मेलेल्या माणसाच्या संपत्तीवरचा कर आपल्या देशात १९५३ पासून १९८५ पर्यंत होता, हे त्या भाषणांत क्वचितच कुणी सांगितलं. कुठल्या पक्षाचं बरोबर, ते आम्ही सांगणार नाही. आमच्या गटातच चार पक्षांना मत देणाऱ्या बायका आहेत.

पण मिठाच्या गोष्टीतून आम्ही तीन प्रश्न काढले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. दारात जो कुणी मत मागायला येईल, त्याला ते विचारायचे. तुम्ही म्हणता तो कर कोणाच्या खिशातून जाणार? जो कर कमी करणार, त्याची भरपाई कुठून करणार? आणि तुम्ही तिथे जाऊन नाही म्हणालात, तर तुमचं ऐकलं जाईल अशी काय व्यवस्था आहे?

१९२३ साली हे प्रश्न विचारायला मत असावं लागत होतं आणि आपल्या आज्यांना ते नव्हतं. आज ते आपल्या प्रत्येकीकडे आहे. तेव्हा येत्या बैठकीला एक काम करा. महिन्याच्या किराण्याची बिलं घेऊन या. कर वेगळा दाखवलेला असेल तर त्याखाली रेघ मारा, नसेल तर दुकानदाराला विचारा. बेरीज करा आणि गटाच्या वहीत लिहा. "आपण कुठे कर भरतो?" असं पुन्हा कुणी म्हणालं, तर ते पान उघडून दाखवा.