तिरपे अक्षर आणि मोडी

संगणकप्रणालींच्या इंग्रजी माहितीपुस्तकांत व्याख्या केलेली संज्ञा प्रथम येते तेथे ती बहुधा तिरप्या अक्षरांत छापतात. जोर द्यायचा शब्दही कित्येकदा तसाच. मराठी भाषांतरात आपण हाच संकेत उचलतो आणि यंत्र बालबोध अक्षरे नुसती कलती करते. शिरोरेषा आडवीच राहते, दंड तेवढे झुकतात.

युरोपात तिरपे अक्षर असे जन्मले नाही. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मानुटिअसने त्यात ग्रंथ छापला, तो लेखनिकांच्या धावत्या वळणावरून. पुढे ते उभ्या अक्षराचे सोबती झाले. धावते वळण आपल्याकडेही होते: मोडी. बंगालमधील सेरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरीत निघाले, तर मराठी कोश १८१० साली मोडीत. दोन्ही वळणे धातूत उतरली, पण त्यांची जोडी रूढ झाली नाही. छपाईने बालबोध पत्करली. मोडी दप्तरांत उरली.

जोर देण्यास मराठीत ‘च’ आहेच. म्हणून ठळक अक्षर केवळ संज्ञेसाठी राखावे, असे आम्हांस वाटते. दोहोंना एकच खूण दिली, तर व्याख्या कोठे आणि आग्रह कोठे, हे विद्यार्थ्याने कशावरून ओळखावे?